देवघराकडे वळलेलं बोट

सेलूत गेल्या पंचवीस वर्षांत ज्यांची लग्नं झाली, त्यांतल्या निम्म्या घरांच्या पत्रिका प्रभाकरराव ढग्यांनी टाईप केलेल्या असतील. वर गणपती, खाली मामांची नावं, कोपऱ्यात चिमुकल्यांची लाडिक विनंती. हजारो पत्रिकांवर गणपती बसवणारा हा माणूस स्वतः मात्र देवापुढे हात जोडायचा नाही. देवाशी त्यांचं भांडण नव्हतं. त्यांना सवडच नव्हती म्हणा ना. अनुसयाबाई पहाटे अंघोळ करून देवपूजेला बसल्या की हे पलीकडच्या खोलीत कॉम्प्युटरचं झाकण काढून बसायचे.

"एक फूल तरी वाहा," त्या म्हणायच्या.

"तुह्ये देव तू सांभाळ, माह्यी मशीन मी सांभाळतो," हे उत्तर ठरलेलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, उत्तर बदललं नाही.

ती मशीन कोण्या कंपनीची नव्हती. डबा एकाकडचा, पंखा दुसऱ्याकडचा, हार्डडिस्क तिसऱ्याकडची, असं नागपूरहून एकेक आणून त्यांनी स्वतः जोडलेली. आत जुनी विंडोज. तिला बनवणाऱ्या कंपनीनंच तिच्याकडे बघणं सोडून दिलं होतं, पण प्रभाकररावांचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम तिच्यावरच चालायचा, आणि त्यांच्या बोटांना त्या प्रोग्रामचेच अक्षरांचे कप्पे ठाऊक. डोळे मिटून टाईप करायचे. दुसऱ्या कीबोर्डवर बसवलं तर मात्र बिचारे 'क' शोधत बसत.

लॉकडाऊनच्या दुसऱ्या वर्षी आषाढात वीज कडाडली आणि मशीनचा बोर्ड जळला. तसा जुना बोर्ड कुठे मिळेना, म्हणून नवा आणला. नव्या बोर्डाला ही जुनी विंडोज चालेना. पडदा रंगीत झाला रे झाला, की माऊसचा लाल दिवा विझायचा आणि कीबोर्ड मुका व्हायचा. पंधरा दिवस प्रभाकरराव जेवणाच्या ताटावरही तेच बोलत होते. नवा बोर्ड ज्या भाषेत बोलतो ती जुन्या विंडोजला समजत नाही, मधे दुभाष्या पाहिजे, त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात, हे अनुसयाबाईंना तेव्हाच कळलं. कुठल्या कुठल्या परदेशी माणसांनी इंटरनेटवर ठेवलेले ते ड्रायव्हर त्यांनी शोधले, विंडोजच्या पोटात घातले, सीडी बनवली. पहिली सीडी वाया गेली. दुसरी अर्ध्यात अडकली. तिसरी चालली तेव्हा ते आपल्या वयाचं भान सोडून ओरडले, "अनु, माऊस जित्ता झाला!"

अनुसयाबाई धावत आल्या. ओल्या हातानंच त्यांनी ती सीडी कागदी पाकिटासकट उचलली, हळदीकुंकू लावलं आणि देवाच्या पाटावर ठेवली.

"देवाले काय कराचं ड्रायव्हरचं?" प्रभाकरराव हसले.

"एक दिवस राहू द्या. मंग घेजा."

दुसऱ्या दिवशी त्या द्यायला गेल्या तर ते म्हणाले, "राहू दे तिथंच. त्या जागेले घरात कोणी हात लावत नाई."

अनुसयाबाईंनी पाकीट पाटाखाली सरकवून दिलं. दर दिवाळीला त्या पाट उचलायच्या, खालचा कागद बदलायच्या आणि ते पाकीट जसंच्या तसं परत ठेवायच्या. देवाजवळची वस्तू देवाची झाली. तिच्यात काय आहे, हे कोण बघतं? तीन दिवाळ्यांत पाकिटावरचं कुंकू तेवढं पुसट झालं.

तेवीस सालच्या मार्गशीर्षात, एका गुरुवारी सकाळी, प्रभाकररावांना लकवा मारला. अनुसयाबाई महालक्ष्मीचा घट मांडत होत्या. खुर्ची पडल्याचा आवाज आला. वर्ध्याच्या दवाखान्यात बावीस दिवस काढून त्यांना घरी आणलं तेव्हा उजवा हात, उजवा पाय गेलेला आणि वाचा पार बसलेली. समजत सगळं होतं. डोळ्यांवरून दिसायचं. पण तोंडून निघायचं ते फक्त "ब... ब..." पाटी दिली तर डाव्या हातानं नुसत्या रेघा यायच्या. मोबाईल दिला तर बोट थरथरून पाच अक्षरं एकदम दाबली जायची. एकदा त्यांनी तो गादीवर आपटला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

डॉक्टर म्हणाले होते, "हातांना जे काम सवयीचं होतं ते करून बघा. कधी कधी जमतं."

सवयीचं काम एकच. अनुसयाबाईंच्या मनानं घेतलं, यांना त्या खुर्चीवर बसवायचं, ती मशीन सुरू करायची. डावा हात तरी आपल्या कप्प्यांवर जाईल. एक शब्द टाईप करतील. पाणी म्हणा, दुखते म्हणा, काहीही. चौतीस वर्षं ज्या माणसानं दिवसभर बडबड केली, त्याच्या पोटात आता काय साचलं आहे हे कळल्याशिवाय त्यांना घास जाईना.

मशीनचं बटण दाबलं तर हार्डडिस्क नुसती टकटक करायची.

शेजारच्या बंडूजींची सून हर्षा बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. ती आली, खाली मांडी घालून बसली, डबा उघडला.

"काकू, डिस्क गेली. नवीन टाकून देते. पण विंडोज नवीनच घ्या आता. ही जुनी या बोर्डावर कोणी टाकत नाई."

पलंगावरून प्रभाकररावांनी जोरजोरात मान हलवली. "ब! ब!"

"तुह्या काकानं टाकलती," अनुसयाबाई म्हणाल्या.

"काकाची गोष्ट अलग होती वो. काका म्हणजे हट्टी नंबर एक." हर्षानं त्यांच्याकडे बघून डोळे मिचकावले. "काऊन काका, खरं हाय ना?"

कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसली.

हर्षानं खटाटोप खूप केला. दुकान बंद करून रोज तासभर यायची. नवी डिस्क टाकली, विंडोज घालायला घेतली. पडदा रंगीत झाला आणि माऊसचा दिवा विझला. दुसरा कीबोर्ड आणला. तोही मुका. जुन्या गोल पिनेचा आणला, तर नव्या बोर्डाला गोल भोकच नाही. बोर्ड बनवणाऱ्यांच्या पानावर ड्रायव्हर शोधले, तिथे फक्त नव्या विंडोजचे. स्वतः जोडतोड करून पाहिली, तर निळा पडदा. एकदा तिनं आपला लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. डाव्या हाताची बोटं सराईतासारखी फिरली, आणि पडद्यावर उमटलं भलतंच काहीतरी, वाचता न येणारं. त्यांनी पाहिलं आणि बोटं आवळून घेतली.

"काकू, काकानं कुठंतरी सीडी बनवून ठेवली असंन," हर्षा शेवटी म्हणाली. "माणूस एवढी मेहनत करून राह्यला होता तर फेकून थोडीच देईन? शोधा बरं."

अनुसयाबाईंनी कपाट उपसलं. ट्रंक उपसली. टेबलाचे खण, पत्रिकांचे जुने गठ्ठे, गादीखालचं, माळ्यावरचं. दोन थैल्या भरून सीड्या निघाल्या, लग्नांच्या, बारशांच्या. ती नव्हती. थकून त्या पलंगाशी येऊन बसल्या.

"सांगा ना हो. कुठं ठेवली?"

प्रभाकररावांनी डावा हात उचलला. बोट सरळ झालं. देवघराकडे.

अनुसयाबाईंनी बोटाकडे पाहिलं, देवघराकडे पाहिलं. अंगावर काटा आला त्यांच्या.

"देवावर सोड म्हणता?"

"ब! ब!" बोट तसंच. हात खाली येईना.

त्या उठल्या. त्यांनी व्हीलचेअर ओढली, त्यांना बसवलं, देवघरासमोर नेलं. दिवा लावला. त्यांचा निर्जीव उजवा हात उचलून डाव्या हाताला जोडला आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. डावा हात सुटायला बघत होता, पुढे, पाटाकडे जायला बघत होता. अनुसयाबाईंना वाटलं, यांना पायावर हात ठेवायचा आहे. त्यांनी तो देवाच्या पायांना लावला. प्रभाकररावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्याही रडल्या. चौतीस वर्षांचा नवस फळाला आला असं वाटून, सुखानं रडल्या.

मग रोजच. सकाळ झाली की बोट देवघराकडे. "चला, चला, नेते," असं म्हणत त्या न्यायच्या. पोथी वाचून दाखवायच्या, तीर्थ पाजायच्या. भजनी मंडळात ही गोष्ट पसरली. रुख्माबाई, मंडळाच्या म्होरक्या, शनिवारी सगळ्या बायांना घेऊन घरीच आल्या.

"पाह्य माय, देव कसा असते," त्या म्हणाल्या. "ज्या माणसानं जन्मात अगरबत्ती नाई लावली, त्याले शेवटी आपल्याकडं वळवून घेतलं."

बायांनी टाळ वाजवले. प्रभाकरराव मधे बसले होते. त्यांचं बोट आता उचललं जात नव्हतं. नुसते बघत होते, पाटाकडे. अनुसयाबाईंनी हर्षाला सांगून टाकलं, "राहू दे मशीन, पोरी. आता यायले तिची गरज नाई."

हर्षानं डब्याचं झाकण लावलं, स्क्रू हातानंच आवळले.

चैत्रात, एका सकाळी पोथी ऐकता ऐकता प्रभाकरराव गेले. मान देवघराकडेच होती. येणारा जाणारा त्याचंच बोलला. असं मरण कोणाला येतं, म्हणाला. तेरा दिवसांच्या सुतकात अनुसयाबाईंनी त्याच आधारावर उभं राहून सगळं निभावलं. आपल्या हातून आयुष्यात एक मोठं काम झालं, यांना देवाच्या दारात आणून सोडलं, असं त्यांना मनोमन वाटत होतं.

सुतकात घरचा देव बंद असतो. तेरवी झाली, घर गोमूत्र शिंपडून शुद्ध केलं, आणि चौदाव्या दिवशी त्यांनी देवघर धुवायला काढलं. मूर्ती परातीत ठेवल्या. पाट उचलला. कागद उचलला.

पाकीट हातात घेऊन नेहमीसारखं बाजूला ठेवलंही त्यांनी. मग उन्हाची तिरीप त्यावर पडली. पुसट कुंकवाखाली निळ्या पेनाची अक्षरं होती. प्रभाकररावांची, पत्रिकेतल्यासारखी वळणदार. 'नवीन बोर्ड. जुनी विंडोज. सगळे ड्रायव्हर. जपून ठेवणे.'

अनुसयाबाई खाली बसल्या. परातीतले देव ओले तसेच राहिले. दुपार झाली तरी त्या तिथून हलल्या नाहीत. त्यांना तो डावा हात आठवत होता. आपण घट्ट धरून ठेवलेला. सुटायला बघणारा. आणि ते डोळ्यांतलं पाणी.

संध्याकाळी हर्षा आली. तिनं पाकिटावरचं वाचलं आणि काकूंकडे बघायचं टाळलं. सीडी आत घातली. पडदा काळा होता, मग रंगीत झाला. माऊसचा लाल दिवा विझला नाही.

तासाभरात सगळं जागच्या जागी बसलं. प्रोग्राम थैल्यांतल्या एका सीडीत होता, तोही चालला. कोरं पान उघडलं. वरच्या कोपऱ्यात एक उभी रेघ लुकलुकत होती.

"काकू, टाईप करून पाहू का काही?"

"नको. राहू दे तसंच."

त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि उभ्या राहिल्या. ती रेघ येत होती, जात होती. तीन महिने बोट दाखवत राहिला हा माणूस. एक शब्द टाईप करायचा होता त्याला, की शंभर, की आपल्यावरच रागवायचं होतं, हे आता कोणाला विचारायचं?

शनिवारी भजन रुख्माबाईंच्या ओसरीवर होतं. अनुसयाबाई पहिल्यांदाच बाहेर पडल्या. बायांनी सरकून जागा दिली. कोणीतरी नवी बाई सेलूत सून म्हणून आली होती, तिला दाखवत रुख्माबाई म्हणाल्या, "ह्या आमच्या अनुसयाबाई. यायच्या मालकाची गोष्ट सांगत होते ना तुले, शेवटी शेवटी सारखं देवाकडं बोट..."

"नाई वो, बाई," अनुसयाबाई म्हणाल्या.

टाळ हातात धरून बाया थांबल्या.

"ते सीडी मागत होते. पाटाखाली होती. मी नाई देली."

कोणालाच काही उमजलं नाही. रुख्माबाईंनी हळूच त्यांच्या पाठीवर हात ठेवला, दुःखात माणूस काहीही बोलतो अशा समजुतीनं, आणि पेटीवालीला खूण केली. पेटी सुरू झाली. अनुसयाबाईंनी टाळ उचलले. ते वाजवायला दोन्ही हात जवळ आणले, आणि त्या तशाच बसून राहिल्या. हात जोडल्यासारखे दिसत होते.