नाव ज्याचं, क्रेट त्याचा

कोणी काही सांगू लागलं की विमलबाई हातातलं घड्याळ काढून पर्समध्ये टाकायच्या. नारायणगावजवळच्या आमच्या शाळेत त्या चित्रकला शिकवत, मी ग्रंथपाल. कोणी "थोडक्यात सांगतो" म्हणालं, की त्या म्हणत, "थोडक्यात नको राव. थोडक्यात तर तारेत असतं."

त्यांचे वडील टोमॅटोच्या बाजारात क्रेटवर शेतकऱ्यांची नावं रंगवायचे. माल कुठंही गेला तरी रिकामा क्रेट नावावरून घरी परत यायचा. "नाव ज्याचं, क्रेट त्याचा," हे वडिलांचं वाक्य बाईंच्या तोंडी कायम असे.

एका उन्हाळ्यात त्यांनी क्रेटचंच मांडणशिल्प करायला घेतलं. वारूळवाडीपासून लोणीपर्यंत हिंडून चाळीस घरांतून एकेक क्रेट आणि एकेक गोष्ट मागून आणली. माझ्याकडेही मागितली, सांगण्यासारखं काही नाही म्हणून मी टाळलं. माणूस बोलला तसंच कागदावर उतरवून त्यांनी ते क्रेटच्या तळाला चिकटवलं, आणि शाळेच्या हॉलमध्ये क्रेट आडवे रचून भिंत उभी केली. वाचायला डोकं आत घालावं लागे. पुस्तकच का नाही केलं, असं मी विचारलं. "पुस्तक मांडीवर येतं, सर. इथं गोष्टीच्या घरी जावं लागतं."

रविवारी पुण्याहून निवड करणारी मंडळी येणार होती. पसंत पडलं तर भिंत तिथल्या मोठ्या प्रदर्शनात लागणार होती. बाईंनी याची वीस वर्षं वाट पाहिली होती.

शनिवारी त्यांनी गोष्टी सांगणाऱ्यांना बोलावलं. लोणीच्या सखुबाईंनी आपला क्रेट शोधला, मला कागद वाचायला लावला, मान डोलावली आणि क्रेट उचलून काखेत मारला.

"माल पोचला न्हवं, बाई? मंग क्रेट न्हेते घरी."

मग सगळेच आपापलं नाव शोधू लागले. मी अडवायला उठलो, तर बाईंनी माझी बाही धरली. संध्याकाळी तीन क्रेट उरले, न आलेल्यांचे. दुसऱ्या दिवशी मंडळी ते पाहून, चहा घेऊन गेली.

बाई हॉल झाडत होत्या. म्हणाल्या, "पुण्यात एका ठिकाणी लागलं असतं, सर. आता सदतीस ठिकाणी लागलंय." मग किती वाजले म्हणून मनगट पाहिलं. घड्याळ कालपासून पर्समध्येच होतं.

गेल्या महिन्यात बाई गेल्या. पंधरा दिवसांनी त्यांचा भाऊ मोटारसायकलला एक क्रेट बांधून आला. त्यावर लाल रंगात माझं नाव. आत काही नाही.

"ताई म्हणायची, सर बोलतील तवा बोलतील. नाव तुमचं व्हतं, म्हून आणला."

घड्याळ काढून ठेवून हे लिहिलं आहे. चुलीवरची खळ निवली की कागद तळाला चिकटवीन.