देवाजीच्या छातीवरची फरशी

देवाजी मास्तरांचं नाव काढलं की तिरोड्याकडची निम्मी पोरं अजूनही ताठ उभी राहतात. मास्तर शाळेतले नव्हेत. दिवसभर राइस मिलमध्ये मशीन चालवायची, अंगावरचा कोंडा झटकायचा आणि संध्याकाळी विहाराच्या अंगणात कराटे शिकवायचं, हा त्यांचा बावीस वर्षांचा नेम. गावाला त्या कराट्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. गावाला हवी असायची सव्वीस जानेवारीची फरशी. झेंडावंदन झालं की देवाजी मैदानात उताणे पडायचे, दोघे जण त्यांच्या छातीवर शहाबादी फरशी ठेवायचे, लोक दहापासून उलटे आकडे मोजायचे आणि 'एक' म्हणताच त्या वर्षी ब्लॅक बेल्ट मिळवणारा चेला घण हाणायचा. फरशीचे दोन तुकडे, देवाजी अख्खे. मग चहावाल्यापासून सरपंचापर्यंत सगळे त्यांची छाती चापटून बघायचे, जणू बैलबाजारात आलेत.

त्या छातीत दिवाळीनंतर कळ यायला लागली. शिंक आली की देवाजी भिंत धरायचे. मोटरसायकलला किक मारण्याआधी आजूबाजूला कोणी नाही ना, हे बघून घ्यायचे. पण कुसुमबाईच्या नजरेतून शेजारच्यांची कोंबडी सुटत नाही, तिथं नवरा कुठला सुटायला. तिनं त्यांना धरून गोंदियाला नेलं. ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई वयानं लहान, बोटं मात्र लोखंडी. छातीच्या मधल्या हाडाशेजारी तिनं दाबलं आणि बावीस वर्षं घण सोसलेला माणूस "माय वं" म्हणून कळवळला.

"बरगडी हाडाला जिथं जुळते, तिथं सूज आहे," ती म्हणाली. "काळीज आज तरी ठीक दिसतंय. कराटे सोडायची गरज नाही. सावकाश हालचाली करा, श्वास कोंडू नका. दंड काही दिवस बंद. छातीवर मार घेणं कायमचं बंद. आणि दाबून दुखतं म्हणजे काळीज बरं, असं मात्र धरून चालू नका. छाती जड झाली, घाम सुटला, हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर तडक दवाखाना."

देवाजींनी हे सगळं बायकोचं ऐकतात तसं ऐकलं. म्हणजे अर्धं. घरी आणलं एकच वाक्य: दाबलं की दुखतं, म्हणून हे बरगडीचं. त्या दिवसापासून त्यांना दोन बोटांचं वेड लागलं. मिलचा जिना चढताना धाप लागली, लावली दोन बोटं. दुखलं? मग काळजी नाही. एका हिवाळ्यात त्यांनी स्वतःला शंभरदा तपासलं आणि शंभरदा पास केलं.

बाकी पथ्य त्यांनी पाळलं, हे खोटं नाही. दंड सोडले. पोरांचे ठोसे छातीऐवजी गादीवर घेऊ लागले. सोडली नाही ती फक्त फरशी.

"काऊन जी, डॉक्टरीणबाईनं मार बंद सांगितला ना?" कुसुमबाई म्हणाली.

"वर्षातून एकच दिवस तं हाये."

"फाशी बी एकच दिवस राहते."

देवाजी हसले, आणि हसताना दुखलं म्हणून दोन बोटं लावली.

यंदा घण अल्काकडे होता. क्लासातली पहिली ब्लॅक बेल्ट मुलगी. कुसुमबाईनं तिला हातपंपावर गाठलं आणि डॉक्टरणीचं बोलणं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकवलं.

"घाम दिसला तं घण टाकून देजो, पोरी."

"मोजणी सुरू झाली का थांबाचं नाही, काकू. सरनंच शिकवलं. घण कचरला तं फरशी नाही फुटत, बरगडी फुटते."

"मंग तू पाहून घे," कुसुमबाई म्हणाली आणि भरलेली घागर तशीच विसरून घरी गेली.

सव्वीस जानेवारीला धुकं इतकं होतं की झेंडा वर गेला तो दिसेनासाच झाला. देवाजींचा जबडा सकाळपासून ठणकत होता. काल ऊस सोलून खाल्ला होता, त्याचं असेल. मैदानात त्यांनी बोटं लावली. दुखलं. झालं तर मग.

"भाइयो और बहनो, छाती पाहा, छाती," माइकवर दर वर्षीचा निवेदक दुलीचंद सुरू झाला होता. "याले म्हणते मर्द."

फरशी छातीवर आली. दर वर्षीपेक्षा गार, दर वर्षीपेक्षा जड.

"दहा," मैदान ओरडलं.

तेवढ्यात ती आली. टोचणारी, ओळखीची कळ नव्हे. धानाचं भरलं पोतं कोणी छातीत टाकावं आणि वर स्वतः बसावं, तसं काही. देवाजींचा हात सवयीनं छातीकडे गेला. तिथं फरशी. त्यांनी दोन बोटं फरशीच्या कडेखाली सरकवली, जागा शोधली, दाबलं. नेहमीसारखं दुखलं. पण पोतं काही हललं नाही.

"सात."

डॉक्टरणीच्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग त्यांना आता आठवला, तिच्याच आवाजात. बोलायला गेले तर श्वासच पुरेना. पोरं उड्या मारत मोजत होती, त्यांनीच शिकवलेल्या खणखणीत आवाजात. अल्का डोक्याशी उभी होती. घण वर निघाला होता.

"चार."

एवढ्या थंडीत काहीतरी कोमट कानात ओघळलं. अल्का त्यांच्या कपाळाकडे बघत होती. मग फरशीखाली चाचपडणाऱ्या बोटांकडे.

"तीन. दोन."

देवाजींनी डोळे मिटले. घण कानाशेजारच्या मातीत रुतला. डोळे उघडले तेव्हा अल्का गुडघ्यांवर बसून फरशी ढकलत होती.

"पोरगी घाबरली ना, भाऊ," दुलीचंद माइकवर म्हणाला आणि मैदान खदखदून हसलं. देवाजी उठत नाहीत, हे लक्षात येईपर्यंत हसत राहिलं.

गोंदियात त्यांच्या काळजाच्या नळीत स्प्रिंग बसवली. बरगडीला सूज होतीच. दोन दुखणी एकाच छातीत शेजारी शेजारी राहत होती आणि देवाजी एकाचंच दार वाजवत होते.

आता ते खुर्चीत बसून शिकवतात. अल्का सगळं करून दाखवते. पोरगी ऐन वेळी घाबरली, असं गाव अजून म्हणतं. ती पोरांचे पवित्रे सुधारत राहते. देवाजी गावाला खोडून काढत नाहीत, कारण खरं सांगायचं तर घणाखाली कोण घाबरलं होतं, तेही सांगावं लागेल.

ती न फुटलेली फरशी कुसुमबाईनं मोरीत टाकली. रोज सकाळी ती त्यावर कपडे आपटते, जरा जोरातच. पहिला धपका ऐकला की खाटेवर देवाजींची दोन बोटं छातीवर जातात. दाबतात. दुखतं. पूर्वी दुखलं की जीव भांड्यात पडायचा. आता पडत नाही.