पट्टीखालचा उजेड

बिलियर्ड टेबलाच्या कापडाखाली बसणारी दगडी फरशी घासून झाली की आमचे सोपानमिस्त्री तिच्यावर पोलादी पट्टी उभी धरतात आणि पलीकडून बॅटरी लावतात. पट्टीखालून उजेड आला, तर तिथे दगड खोल आहे. आज केसाएवढा उजेड आला. दारात गिऱ्हाईकाचा टेम्पो उभा होता.

"जाऊ द्या हो, वर कापडच चढणार आहे!" मी ओरडलो.

"चेंडू वाकडा गेला की तुमचंच नाव निघंल, शेठ. मग चेंडूवर ओरडा."

घासाघीस करण्यात मी कुणाला ऐकत नाही. पण एका क्लबवाल्याने अशाच फरशीवरून मला चारचौघांत लबाड म्हटलं होतं, ते अजून सलतं. तेव्हा मिस्त्री रजेवर होते आणि फरशी मीच पास केली होती, हे मात्र मी कुणाला सांगत नाही. चार पैसे आल्यापासून माझ्या प्रत्येक शब्दाला माणसं माना डोलावतात. एक डोळा मिटून, माझ्यादेखत माझ्या मालाची खोट दाखवणारा हा एकच उरला आहे. असा माणूस पगार देऊन मिळत नाही. मला तो मिळाला.

मी टेम्पोवाल्याला उद्या यायला सांगितलं. आत वळलो, तर मिस्त्रींनी मला न विचारताच फरशी पुन्हा घासायला घेतली होती.