लेकीच्या दंडावर मोजलेला बीपी

मेडशीजवळच्या तांड्यावर रुपाबाईसारखी ऊसतोडीची बाई दुसरी नव्हती. अठरा वर्षं ती नवरा प्रेमसिंगसोबत दरसाल दिवाळीनंतर तोडीला जायची. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो ऊस तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत टाकणार. या कोयत्यातली आपली जागा तिला जिवापेक्षा मोठी वाटायची.

त्याला कारण होतं. प्रेमसिंगची नजर हल्ली शेजारच्या देवलावर ठरत होती. देवला विधवा, तिशीतली, हाडापेरानं मजबूत. सहा महिने ज्या बाईनं तोडीवरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, चूल पेटवली, तीच परतताना बायको होऊन येते. तांड्यात हे कुणी बोलत नाही, पण कळतं सगळ्यांना.

अशात पावसाळ्यात रुपाबाईला बीपी निघाला, वरचा आकडा एकशे नव्वद. डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या. दवाखान्यातल्या सुकेशनी सिस्टरनं मशीन दिलं आणि मोबाईलात अॅप टाकून दिलं. रोज सकाळी दंडाला पट्टा बांधायचा, आकडा आपोआप मोबाईलात जाणार आणि तिकडे डॉक्टर पाहणार. ठीक असला तर हिरवा, नसला तर लाल.

पहिले आठ दिवस लालच निघाले. तोडीची टोळी नेणाऱ्या मुकादम रतनसिंगच्या कानावर ते गेलं. गेल्या हंगामात त्याची एक बाई उसाच्या फडातच आडवी झाली होती, त्यामुळे तो आधीच पोळलेला. दारात येऊन म्हणाला, "लाल बाई मले नको, प्रेमसिंग. महिनाभर हिरवं दाखव, नाई त दुसरी जोडी पाय."

प्रेमसिंग बायकोसमोरच बोलला, "देवलाले इचारून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी रुपाबाईनं लेकीला, स्नेहाला, जवळ बसवलं आणि पट्टा तिच्या दंडाला बांधला.

"आई, मंग डॉक्टरले कसं समजन?"

"त्याले समजाच नाई पायजे."

सतरा वर्षांच्या पोरीचा आकडा हिरवा न येऊन करतो काय? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे रुपाबाईला ठाऊक होतं. पण घाबरलेल्या माणसाला शहाणपण सुचत नाही.

महिना हिरवागार गेला. डॉक्टरांचा निरोप आला, छान, आता एक गोळी बंद. हळूहळू त्या हिरव्यावर तिचाही भरवसा बसला. डोकं ठणकलं की म्हणायची, ऊन लागलं. मग दुसरी गोळीही तिनं आपल्याच मनानं सोडली. काय म्हणावं या बाईला!

दिवाळीनंतर स्नेहाला तांड्यावर ठेवून दोघं रतनसिंगच्या टोळीत तोडीला गेली. फडावर अकराव्या दिवशी मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढता चढता ती खाली बसली. उजवा हात लोंबला, तोंड वाकडं झालं. प्रेमसिंगनं आधी तिच्या कमरेचा मोबाईल काढला.

"हे पाय, महिनाभर सारं हिरवं हाय. कायले सोंग करून राह्यली? ऊठ."

तो दंड स्नेहाचा होता, एवढंच तिला सांगायचं होतं. जीभ वळेना, नुसती लाळ गळाली. त्यानं काखेत हात घालून तिला उभी केली आणि मोळी पुन्हा डोक्यावर ठेवली. ती मोळीसकट पडली. तरी गाडी भरून निघेपर्यंत तिला कुणी हलवलं नाही. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, लवकर आणली असती तर हात वाचला असता.

अर्धा कोयता रतनसिंगच्या कामाचा नव्हता. आठवड्याभरानं रुपाबाईला दवाखान्यातून कोपीत आणून टाकलं, तोवर देवला एसटीनं आलीच होती. बाई वाईट नव्हती. तिनं रुपाबाईचं तोंड पुसलं, अंगाखालचं गोणपाट बदललं आणि चूल पेटवली.

"आक्का, मीठ कुठं ठेवलं वं?"

रुपाबाईनं डोळ्यांनी दाखवलं.