तांड्यानं एआयले बोलणं शिकवलं, पुढं काय?

मंडळी, आज हात टेकले.

दारव्ह्याजवळच्या तांड्यावरच्या बाया एआयले बंजाऱ्यांची गोरबोली शिकवाले एका कंपनीले आपला आवाज रेकॉर्ड करून देत होत्या. एआय बोलाले शिकलं अन् त्यांचं काम बंद झालं. त्यांच्या घरावर काय परिणाम झाला, याच्या संशोधनासाठी मी निधी मागितला होता. आज दुपारी ऑनलाइन मुलाखत झाली.

निधी देणाऱ्या संस्थेचे साहेब म्हणाले, "आधी नुकसानीचे आकडे दाखवा."

अहो, आकडे असते तर संशोधन कायले करतो?

निधी नाकारला. संध्याकाळी त्याच बायांपैकी शांताबाईले सांगाले तांड्यावर गेलो. ही बाई दर रेकॉर्डिंगच्या आधी फोनले 'जेवला का बापू?' विचारायची. कंपनी तेवढंच कापून टाके.

तिनं मलेच विचारलं. तिचा प्रश्न तसाच तुमच्यापुढं ठेवतो.

"सर, काम गेल्यावर त्या मशीननं आमाले एकदा तरी इचारलं का, जेवल्या का म्हनून?"