अर्धा काढलेला स्वेटर
डोक्यावरून ओढताना स्वेटर चटचट वाजला की मला अजून स्पिरिटचा वास येतो. तेव्हा मी बारावीत होते आणि वडील साखर कारखान्यातून स्पिरिटचा टँकर न्यायचे. हिवाळ्यातल्या एका दुपारी मी त्यांचा डबा घेऊन गेले, तर टँकरला अर्थिंगची तार लावून ते वर उभे होते आणि पाइपातून स्पिरिट भरत होतं. चालून मला घाम आला होता. तिथेच नायलॉनचा स्वेटर वर ओढला, तसे वडील ओरडले, "काढू नको! हाय तशीच उभी ऱ्हा!" तोवर स्वेटर तोंडावर आला होता. हात वर, डोळ्यांपुढे लाल अंधार आणि कानाशी बारीक चटचट. घासल्याने प्रभार इकडून तिकडे जातो, हे मी आदल्याच आठवड्यात पेपरात लिहून आले होते. आता तोच प्रभार माझ्या केसांत होता, आणि स्पिरिटची वाफ पेटायला त्याची एक ठिणगी पुरली असती. खांदे भरून आले, नाक खाजत होतं, पंप काही थांबता थांबेना. शेवटी तो बंद झाला. वडिलांनी मला धरून पार फाटकाबाहेर नेलं आणि स्वेटर स्वतः उतरवला. तो केवढ्यांदा तरी वाजला. "झालं, झालं," ते म्हणत होते, पण माझा दंड काही सोडत नव्हते. आता त्यांनी टँकर सोडलाय. तरी मी बाहेरून येऊन स्वेटर काढायला लागले, की ते टीव्हीचा आवाज बंद करतात आणि तो पुरता निघेपर्यंत ऐकत बसतात.