पाचवीचा कागद

शांत, गुणी, सदा झोपून राहणारं तान्हं मूल पाहून जो धास्तावून जाई असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या वाट्याला आला होता. बारशाला कोणी कौतुकानं म्हणालं, "लेकरू लई गरीब हाय हो, रडतच नाही," की भाऊजींच्या हातातला पेढा तोंडाशी थांबायचा. "काहून रडत नाही?" ते विचारायचे. "झोपून राह्यते." "पण काहून?" उलट एखादं पोर टाहो फोडून घर डोक्यावर घेत असलं, की हे डोळे मिटून, मान डोलवत ऐकत बसायचे. त्यांना घेऊन बारशाला जायची मला लाज वाटे. जेवण मात्र मी सोडत नसे.

भाऊजी मानोऱ्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त-लघवी तपासण्याच्या खोलीत होते, आणि मी तिथल्याच पोस्टात कारकून, राहायला बहिणीकडे. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मायक्रोस्कोपला डोळा लावला की ते या जगातून उठून जात. एकदा जेवायला बोलवायला गेलो आणि विचारलं, "काय दिसून राह्यलं भाऊजी?" तर म्हणाले, "चांदण्या." ती कोणाच्या तरी हिवतापाची काच होती. सायकलवर बसले की हीच तऱ्हा. इंझोरीला निघालेला हा माणूस इंझोरी ओलांडून थेट कारंज्यापर्यंत पोहोचायचा, तिथे चहा प्यायचा, आणि आपण इथे कसे, हे चहावाल्याला विचारायचा. बहीण म्हणे, "लगनासाठी मले पाहाले आले तवा बी शेजारच्याच घरात जाऊन बसले होते." यात अतिशयोक्ती किती ते मला माहीत नाही. पण शेजारच्यांनी पोहे दिले होते हे खरं.

त्यांचं सारं वेड टीपकागदात भरलेलं होतं. कुठल्याशा वैद्यकीय मासिकात त्यांनी वाचलं होतं, की काही लेकरांच्या गळ्यातली ग्रंथी जन्मापासून कामच करत नाही. मूल दिसायला धडधाकट, फक्त फार शांत. वेळीच कळलं तर रोजची एक इवलीशी गोळी पुरते. उशीर झाला तर ते मूल वाढत नाही, बोलत नाही, आणि मग कोणाच्या हातात काही उरत नाही. पाचव्या दिवशी टाचेचं एक टिपूस रक्त टीपकागदावर घेऊन वाळवलं, तर ते लांबच्या शहरात तपासता येतं. झालं! मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांना पत्रावर पत्र धाडून त्यांनी हैराण केलं. त्या भल्या माणसाने अखेर लिहिलं, पाठवा, बघू. तेव्हापासून पेठेतल्या स्टेशनरीवाल्या चाचांकडचा टीपकागद उरेना. चाचा मला भाऊजींबद्दल विचारत, "तुम्हारे भाटवे इतना लिखते कायकू?" आणि घरी अंगणातल्या दोरीवर, बहिणीच्या लुगड्यांच्या शेजारी, लाल ठिपक्यांचे कागद झुलू लागले. "लोकायच्या घरी पापड वाळतात," बहीण म्हणे, "माह्या घरी लेकरायचं रक्त वाळते."

मी एकदा चिडून विचारलं, की दवाखान्यात कोणी सांगितलं नाही, कोणी विचारत नाही, मग ही उठाठेव कायले? अंगणातल्या बाजेवर पडल्या पडल्या, वर झुलणाऱ्या कागदांकडे बघत ते म्हणाले, "माही लहान बहीण लई गुणी होती. कधी रडलीच नाही. माय साऱ्या गावाले सांगे." मग म्हणाले, "मले दादा म्हणाची लई वाट पाह्यली मी." ती नवव्या वर्षी गेली, तोवर कडेवरच होती. मला स्वतःचाच राग आला. त्यानंतर त्यांची पाकिटं मी स्वतः जपून थैलीत घालू लागलो.

टोचायला लेकरू मिळवणं हे मोठं कठीण काम. बौद्धपुऱ्यात एक मास्तर स्वतः पोरीचा पाय धरून बसले आणि त्यांनी चार घरं समजावूनही दिली. मुसलमान मोहल्ल्यात छठीचा, म्हणजे सहाव्या दिवसाचा, मुहूर्त भाऊजी चालवून घेत. पण बाकी गावांत पाचवी आडवी येई. पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवायची रीत. पाचवीच्या लेकराला सुई लावू देईल अशी आजी कुठे जन्मली आहे? भाऊजींनी त्यावर तोड काढली. पाटावरचा कागद म्हणून ते आपला टीपकागदच मांडायला देऊ लागले आणि त्यावरच टिपूस घेऊ लागले. आज्यांना ते पटलं. कसं पटलं, मला अजून कळलेलं नाही.

इंझोरीच्या एका आजीची नात अशीच टोचली. आजी दारातच म्हणाली होती, "पोरगी लई शांत. दुधाले बी उठवा लागते." भाऊजींचा चेहरा उतरला. कागद वाळायला ठेवून ते गावातली दुसरी दोन घरं करून आले. आजीने घडी घातलेला कागद हाती ठेवला. त्यांनी तो न उघडताच खिशात घातला, मी तो रजिस्टर केला, आणि आम्ही वाट बघत बसलो. दहाव्या दिवशी मुंबईचं पत्र आलं. माझ्याच हातात पडलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं, "आपल्या कागदावर रक्त नसून कुंकू आहे. कुंकू उत्तम प्रतीचे दिसते. कृपया नमुना पाठवावा."

मी हसत हसतच दवाखान्यात गेलो. भाऊजी हसले नाहीत. "दहा दिवस गेले," एवढंच म्हणाले आणि सायकलवर बसले. त्यांचा भरवसा नव्हता म्हणून मीही मागे निघालो. त्या दिवशी ते कुठेही वाट चुकले नाहीत.

आजीने कबूल केलं. मुळीच लाजली नाही. "सटवाईनं लिहेल कागद घराबाहेर कसा देऊ बाप्पा? तो देवात ठेवला. तुमचं मन मोडू नाही म्हून दुसरा कुकू लावून देला." मी तोंड उघडणार, तोच भाऊजी तिच्यासमोर मांडी घालून बसले. "आजी, लेक कुठी असते तुमचा?" "पलटणीत." "त्याचं पत्र येते?" "येते नं." "मंग देवात ठेवता का वाचून घेता?" आजी म्हणाली, "पोस्टमन वाचून देते." भाऊजी हळूच म्हणाले, "सटवाईचं अक्षर पोस्टमनले लागत नाही. मुंबईत एक जण हाये, त्याले लागते." आजीने देवाला हात जोडले. मग देवातला कागद काढून दिला, आणि नवं टिपूस घेताना पोरीची टाच तिनेच धरली. सुई टोचली तरी पोरगी पुरती रडली नाही, नुसती घोगरी कुरकुरली. ते ऐकून भाऊजी कागद वाळेपर्यंत तिथून हलले नाहीत.

या खेपेला उत्तर तारेनं आलं. गोळी ताबडतोब सुरू करा. दवाखान्याच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आणि गोळ्या घेऊन आम्ही इंझोरीत शिरलो, पण भाऊजींनी तारेचा कागद हातातच धरलेला. तार म्हणजे कोणीतरी गेलं, हे गावाला पाठ. आजीने पलटणीतल्या लेकाच्या नावानं हंबरडा फोडला, गल्ली गोळा झाली. "कोणी मेलं नाही हो!" भाऊजी ओरडत होते. "ही जगली, ही!" आईच्या दुधात गोळी कुस्करून त्यांनी स्वतः दाखवली. पुढे दर रविवारी ते इंझोरीला जात, दारात उभे राहून ऐकत आणि परत येत. दीड-दोन महिन्यांनी एका रविवारी परतले ते नाचायचेच बाकी होते. पोरगी गल्ली उठवून देत होती. शेजारीण तक्रार करत होती. "काय आवाज लागला हो तिचा!" ते बहिणीला सांगत राहिले, आणि ताटातलं पिठलं थंड झालं.

मुंबईचे ते डॉक्टर पुढे परदेशी गेले, कागद तपासायला कोणी उरलं नाही. भाऊजी तरी टोचतच राहिले, कागद वाळवत राहिले. कधीतरी कोणीतरी वाचील, म्हणत. ते गठ्ठे अजून बहिणीच्या ट्रंकेत आहेत. इंझोरीची पोर शाळेत गेली, मॅट्रिक झाली, भाऊजींना दादा म्हणू लागली. पहिल्यांदा तिने हाक मारली तेव्हा ते नेहमीसारखे कुठेतरी हरवलेले होते. तिला दोनदा हाक मारावी लागली. मग ते उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

भाऊजी गेले त्या सकाळी ती मिळेल त्या गाडीनं आली. उंबऱ्यातच बसली आणि अशी रडली, की पलीकडच्या गल्लीतली माणसं धावत आली. एक वडीलधारी बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बस कर माय, किती मोठ्यानं रडतं!" माझी बहीण उठून उंबऱ्याशी आली. तिने त्या बाईचा हात बाजूला केला.

"रडू द्या तिले," ती म्हणाली. "त्याहिले आवडे."